पडलेल्याचा नारळ

पुनावळ्यात कुणालाही विचारा, निरंजन कोण? "त्यो व्हय, जयसिंगनं पाडलेला," असंच सांगतील. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला सुपरवायझर आहे. दोन खोल्यांचा का होईना, इथंच स्वतःचा फ्लॅट आहे. सोसायटीचा सेक्रेटरी आहे, म्हणजे लिफ्ट बंद पडली की शिव्या मलाच बसतात. पण गावाच्या लेखी माझी ओळख एवढीच. गेली वीस-बावीस वर्षं दर यात्रेला मला कुस्तीच्या फडात उभं करतात आणि हातात नारळ देतात. इथला रिवाजच आहे तो. जिंकलेल्या पैलवानाला फेटा, पडलेल्याला नारळ; रिकाम्या हाती कुणाला पाठवायचं नाही. आता तुम्हीच सांगा, मी आयुष्यात एकही कुस्ती खेळलेलो नाही. लंगोट पुढून बांधतात की मागून, हेसुद्धा मला माहीत नाही. तरी नारळ येतो, आणि माझी बायको विजयश्री त्याच्या वड्या करते. वड्या चांगल्या होतात. तक्रार वड्यांबद्दल नाही.

तक्रार आमच्या नगरसेवकाबद्दल आहे. चौकात त्याचा फ्लेक्स लागलाय, बघितला असेल तुम्ही. 'मैदान गाजवणारा ढाण्या वाघ, जयसिंगभाऊ.' एका पायाखाली फुटबॉल. तो फुटबॉल मागाहून चिकटवलाय आणि पायात लग्नाला घालतात तसले टोकदार बूट आहेत, पण ते असो. हा वाघ मैदान कसं गाजवायचा हे सगळ्यात जवळून मी बघितलंय. तो बॅकला खेळायचा आणि त्याच्या मागं मी उभा असायचो. मी गोलकीपर होतो.

माझे वडील धाराशिवकडचे. इकडं कंपनीत नोकरी लागली तसे पुनावळ्यात कोंडाजीआबांच्या खोलीत भाड्यानं राहायला आले. तेव्हा हायवेपर्यंत नुसती शेतं होती. आबांची जमीन मोठी आणि मिशा त्याहून मोठ्या. नाव काढलेले पैलवान, मातीत घासून दोन्ही कान फुटलेले. जयसिंग त्यांचा एकुलता एक. पोरानंही मातीत नाव काढावं एवढीच आबांची इच्छा, आणि हा गडी दर यात्रेला न चुकता पडायचा. अंगानं रेडा, मनानं गाय. समोरचा बारीक असला की ह्याला त्याची दया यायची, जाड असला की भीती वाटायची. पडला की आबा काही बोलायचे नाहीत. धोतर झटकून उठायचे आणि घरी निघून जायचे. पोराकडं बघायचेसुद्धा नाहीत. "शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं, निऱ्या," असं जयसिंग मला म्हणायचा. मला वाईट वाटायचं. तेव्हा मला त्याच्याबद्दल वाईट वाटायचं, हे लक्षात ठेवा.

पुढं आम्ही दोघं पिंपरीला एकाच कॉलेजात गेलो. तिथं एक सोय होती: खेळात असलं की हजेरीची कटकट नाही. जयसिंगनं ही बातमी काढली आणि मला ओढत मैदानावर नेलं. खेळाच्या सरांनी त्याला चारी बाजूंनी फिरून बघितलं, गुरांच्या बाजारात बघतात तसं, आणि म्हणाले, "ह्याला मागं उभा करा. ह्याच्या बाजूनं चेंडू जायला जागाच राहणार नाही." मी उरलो. मला गोलमध्ये घातलं, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं.

जयसिंग मैदानात उतरला की आधी माती उचलून कपाळाला लावायचा, मग मांडीवर शड्डू ठोकायचा. तो आवाज ऐकून समोरच्या संघाची निम्मी पोरं जागच्या जागी थंड व्हायची. पळता त्याला येत नव्हतं. चेंडू त्याच्याकडं आला तर ठीक, नाहीतर तो चेंडूवाल्याकडं जायचा. एका सामन्यात त्यानं समोरच्या पोराला कमरेला धरून असा काही उचलला की पोर हवेतूनच आईला हाक मारायला लागलं. रेफरीनं पिवळं कार्ड काढलं आणि नाव लिहून घेतलं. जयसिंग छाती पुढं काढून माझ्याकडं आला. "नाव घेतलं रे पंचानं. बक्षीस देणार बहुतेक." ऑफसाइड म्हणजे काय हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. दुसऱ्याच्या घरात उगाच आधी जाऊन बसायचं नाही, असं मी त्याला समजावलं. तर म्हणाला, "मग पाहुणचार कसा व्हायचा?"

पण एक गोष्ट खरी आहे आणि ती मी रागात असलो तरी सांगणार. ज्या पोराला त्यानं उचलून टाकलं होतं, त्याच्या घरी संध्याकाळी तो केळी घेऊन गेला. त्याच्या आईच्या हातचं जेवून आला. पोराचा बाप कुठल्या कंपनीत, मामा कुठल्या गावचा, सगळं विचारून आला. पुढच्या वर्षी तेच पोर आमच्या कॉलेजात, आमच्या संघात. मैदानाचा माळी, कँटीनवाला, रेफरीचा मेव्हणा, सगळ्यांना हा नावानं ओळखायचा. खेळ सोडून बाकी सगळं त्याला येत होतं. हा पुढं नगरसेवक होणार हे तेव्हाच कळायला हवं होतं, पण आम्हाला वाटलं हा फार तर केळ्यांचा धंदा करेल.

असं करत करत आम्ही कॉलेजांच्या स्पर्धेत फायनलला पोचलो. कसे पोचलो ते मला विचारू नका, शड्डूचा त्यात बराच वाटा होता. फायनल सांगवीच्या पोरांच्या संघाशी. त्यांचा कॅप्टन यशवंत, सडपातळ, चेंडू पायाला शिवल्यासारखा खेळायचा. जयसिंगनं घरी फक्त "फायनल आहे" एवढंच सांगितलं होतं. आबा म्हणाले, "कुस्तीची न्हाई तर न्हाई, फायनल तर हाय." आणि उठून त्यांनी गावाला सांगावा धाडला.

दुसरा हाफ निम्मा झाल्यावर गाव आलं. टेंपो भरून. हलगी, गुलालाची पोती, फेटे, नारळ, सगळा सरंजाम. मैदानाचं फाटक नेमकं माझ्या गोलच्या मागं होतं, तिथंच लिंबाची सावली होती, म्हणून सगळे तिथंच दाटीनं उभे राहिले. फुटबॉल त्यातल्या एकानंही आयुष्यात बघितला नव्हता. आमचा संघ निळ्या शर्टात, यशवंतचा हिरव्या, आणि गोलकीपर म्हणून मी लाल. भिमाजीकाका म्हणजे गावच्या फडाचे पंच. ते माझ्या मागून म्हणाले, "ए निरंजन, तू त्यांच्याकडनं व्हय?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात कुणीतरी परस्पर उत्तर दिलं, "भाडेकरूचं पोरगं. बाहेरगावचं. बाहेरच्यांकडनंच खेळनार की." मी म्हटलं, सामना संपल्यावर समजावू. तीच चूक झाली.

शून्य-शून्य चाललेलं. शेवटची चार-पाच मिनिटं राहिली असतील. चेंडू गडगडत जयसिंगकडं आला. आसपास चिटपाखरू नव्हतं. पुढं एक लाथ मारायची, बस. तेवढ्यात हलगी थांबली आणि माझ्या पाठीमागून आबांचा आवाज आला.

"जयसिंग, हान."

त्या आवाजावर तो पोरवयापासून जोर काढत आला होता, बैठका मारत आला होता. त्या आवाजाला उलटं जायचं त्याच्या रक्तातच नव्हतं. गर्रकन वळला, आवाज आला तिकडं तोंड केलं आणि हाणला. अंगातली सगळी ताकद लावून, जिकडं बाप उभा होता तिकडं. जगातला कुठलाही गोलकीपर आपल्याच माणसाकडं संशयानं बघत उभा नसतो. चेंडू माझ्या कानाजवळून गेला आणि जाळं फाडून आबांच्या पायाशी जाऊन थांबला.

आता फुटबॉल असता तर खेळ पुढं चालू झाला असता. पण गावाच्या हिशेबात एकदा चितपट झाली की कुस्ती संपली. अख्खं गाव मैदानात. हलगी कडाडली, गुलाल उडाला. रेफरी शिट्टी वाजवत होता, त्याला वाटलं दंगल झाली आणि गावाला वाटलं तोही आनंदात शिट्ट्या मारतोय. जयसिंग खांद्यावर. आबांनी डोक्यावरचा फेटा सोडला आणि पोराच्या डोक्याला गुंडाळला. आमचे सर खाली बसले ते बसलेच. भिमाजीकाकांनी माझ्या हातात नारळ ठेवला. "वाईट वाटून घिऊ नगंस. पडनारा असतो म्हनून जितनारा असतो," म्हणाले. मी म्हणालो, "काका, मी आपल्याच..." त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं आणि टेंपोत चढले. टेंपो गेला. मागं सामना तिथंच संपवला आणि रिकाम्या खुर्च्यांसमोर यशवंतला कप दिला. टाळ्या वाजवायला मी एकटाच होतो, हातात नारळ होता म्हणून त्याही नीट वाजल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी जयसिंग मला घेऊन पिंपरी कॅम्पात गेला. आबांनी विचारलं होतं, कप कुठाय? ह्यानं ठोकून दिलं, नाव कोरायला टाकलाय. खेळाच्या सामानाच्या दुकानात एकच मोठा कप शिल्लक होता, कुणीतरी ऑर्डर देऊन न नेलेला. वर बॅडमिंटनचं फूल होतं. दुकानदारानं ते करवतीनं कापून दिलं. मी तिथंच त्याच्यावर उखडलो. म्हटलं, आत्ताच्या आत्ता घरी चल आणि खरं सांग, नाहीतर मी सांगतो. सगळा गाव मला हरलेला म्हणतोय आणि मी तर तुमच्याच बाजूचा.

जयसिंग कापलेल्या कपावरून अंगठा फिरवत म्हणाला, "निऱ्या, काल आबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. पहिल्यांदा. पोरगा माझा हाय, म्हणाले. अजून गरम लागतोय तो हात. हे एवढं घालवू नकोस राव."

झाकली मूठ सव्वा लाखाची. मी गप्प बसलो. वाटलं, महिनाभरात लोक विसरतील.

लोक विसरतात होय? यात्रा आली आणि आबांनी फडात माईकवरून माझं नाव पुकारलं. "आन ह्यो आमच्या जयसिंगनं पाडलेला गडी." नारळ. पुढच्या वर्षी पुन्हा. गोलसुद्धा दर वर्षी वाढत गेला. आधी त्यानं लांबून मारला होता, मग दोघांना चकवून, आता पाच जणांना चकवून, आणि मी म्हणे शेवटी हात जोडले होते. ज्याच्यामागं अख्खं गाव मैदानात पळालं तो पोरगा, म्हणून त्याला गणपती मंडळाचा अध्यक्ष केला, मग तिकीट मिळालं, मग तो निवडून आला. काम चांगलं करतो, नाही कशाला म्हणू. सभागृहात बॅकसारखाच खेळतो, वॉर्डाच्या अंगावर येणारी प्रत्येक गोष्ट अडवतो. लोकांच्या घरी अजून केळी घेऊन जातो. कप त्यांच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात आहे. कौशल्याकाकू, म्हणजे जयसिंगची आई, दर दिवाळीला तो चिंचेनं घासतात. एकदा मला विचारलं, "ह्येच्या डोस्क्यावर काय हुतं रं?" मी म्हणालो, "फुटबॉल." काकू म्हणाल्या, "एवढुसा?" आणि पुन्हा घासायला लागल्या.

यंदा यात्रा आली ती नेमकी निवडणुकीच्या तोंडावर. समोर उद्धवराव उभे. उद्धवराव माझ्या घरी आले, चप्पल बाहेर काढून, म्हणजे मत मागायलाच. सोफ्यावर बसले आणि म्हणाले, "निरंजनराव, तुमच्यावर अन्याय झालाय." मी दचकलो. इतक्या वर्षांत हे वाक्य मला कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी सांगवीच्या यशवंतरावांना गाठलं होतं. यशवंतरावांची आता गॅसची एजन्सी आहे, बिचाऱ्यांना ह्या भानगडीचा पत्ताच नव्हता. "यात्रेला त्यांचा सत्कार ठेवलाय. ते काय घडलं ते सांगतील. तुम्ही फक्त उभं राहून 'हो' म्हणायचं. बाहेरगावच्या माणसाला ह्या लोकांनी वीस वर्षं नारळ दिला, हे तुमच्या सोसायटीतल्या बाहेरून आलेल्या मतदारांना कळू द्या."

खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या. विजयश्रीला मी म्हणालो, बघ, आता फेटा येतो की नाही घरात. ती म्हणाली, "फेट्याच्या वड्या होत नाहीत."

उद्धवराव गेले आणि तासाभरात जयसिंग हजर. चोराच्या मनात चांदणं. केळी घेऊन आला होता. एवढा मोठा नगरसेवक, माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसला. म्हणाला, "सीट गेली तर जाऊ दे. पुन्हा उभा राहीन. पण आबा आता थकलेत. यात्रेत सगळ्यांसमोर उठून, धोतर झटकून घरी गेले तर मी काय करू?"

"मग आधीच सांग ना त्यांना. माणसासारखा जाऊन सांग," मी म्हणालो.

"यशवंतच्या सत्काराचं कानावर आल्यापासून चार दिवस रोज त्यांच्या खोलीत जातोय. पाय दाबून परत येतोय."

मला त्याचा राग आला आणि कीवही आली. दोन्ही एकदम आली की माणूस चहा टाकतो. मी चहा टाकला. "उद्धवरावांना हो म्हणालो नाही अजून," एवढंच मी त्याला सांगितलं. नाही म्हणेन असंही सांगितलं नाही. थोडं तरी ताटकळू दे की, मी वीस वर्षं ताटकळलोय.

यात्रेच्या दिवशी फड भरला. गोल करून गाव बसलेलं, मध्ये लाल माती, आबा खुर्चीवर, डोक्याला पांढरा फेटा. नारळाची चवड बाजूला रचलेली. तीन-चार कुस्त्या झाल्या. मग उद्धवरावांनी माईक घेतला आणि जुन्या खेळाडूंचा सत्कार म्हणून यशवंतरावांना पुढं बोलावलं. यशवंतराव सुटले होते, टक्कल पडलं होतं, पण चाल तीच. त्यांच्या हातात कापडी पिशवी. "ह्या गावच्या लोकांनी आमचा सामना बघायला केवढी गर्दी केली होती," ते आनंदानं म्हणाले. "जयसिंगभाऊंचा तो गोल मी विसरलेलो नाही. त्यांनी चुकून स्वतःच्याच गोलमध्ये मारला आणि आम्ही जिंकलो. तो कप मी आज मुद्दाम दाखवायला आणलाय." आणि त्यांनी पिशवीतून कप काढला. त्याच्या डोक्यावर फुटबॉल होता.

उद्धवराव माझ्याकडं बघत होते. जयसिंग मातीकडं बघत होता. आबांनी कपाकडं बघितलं, मग यशवंतरावांकडं, आणि मग सावकाश माझ्याकडं मान वळवली.

"ए निरंजन. तू कुनाकडनं हुतास?"

ह्या एका प्रश्नाची मी तरुणपणापासून वाट बघत होतो. उत्तर पाठ होतं. आंघोळ करताना कितीदा म्हणून बघितलं होतं. आणि आता तोंड उघडलं तर समोर जयसिंग दिसला, चाळिशी ओलांडलेला, पोट सुटलेला, आणि चेहरा यात्रेत पडलेल्या पोराचा.

"आबा, गोलकीपरचं काय," मी म्हणालो. "त्याचा शर्ट वेगळाच असतो. ना घरचा ना घाटाचा."

आबांच्या भुवया जवळ आल्या. ह्या उत्तरावर काय ते निभावलं असतं कदाचित. पण जयसिंगनं पुढं होऊन उद्धवरावांच्या हातातला माईक घेतला. "बंधू आणि भगिनींनो," त्यानं सवयीनं सुरुवात केली, आणि थांबला. माईक खाली केला. आबांकडं बघून नुसत्या तोंडानं बोलला, पण शांतता अशी होती की शेवटच्या रांगेला ऐकू गेलं.

"आबा, ते खरं बोलतायत. मी आपल्यावरच गोल मारला. कप विकत आणलेला आहे. निरंजन आपला होता. पहिल्यापासून आपला. मी त्याला इतकी वर्षं परका करून ठेवला, कारण मला तुमचा फेटा पाहिजे होता."

तुमचा आवाज ऐकून वळलो, हे तो बोलला नाही. हान म्हणाले म्हणून हाणला, हेही नाही. मी वाट बघत होतो, आता बोलेल, मग बोलेल. एवढी मोठी सबब खिशात असताना त्यानं ती काढली नाही. माझ्याच ओठांवर आलं होतं, मी दात दाबून धरले.

आबा उठले. त्यांनी धोतर झटकलं.

जयसिंगनं डोळे मिटले. मीही मिटले असते, पण मला बघायचं होतं. आबा घराच्या दिशेनं गेले नाहीत. काठी टेकत नारळाच्या चवडीकडं गेले, एक उचलला, कानाशी हलवून बघितला. भिमाजीकाकांना म्हणाले, "लोटा धर खाली." फडाच्या कडेच्या दगडावर आपटून त्यांनी तो फोडला. पाणी लोट्यात पडलं. दोन वाट्या दोन हातांत घेऊन ते मातीत उतरले.

"ह्यो तुजा," एक वाटी त्यांनी जयसिंगपुढं धरली. "पडलेल्याचा मान. चुकीच्या घरी जात हुता."

जयसिंगनं दोन्ही हात पुढं करून ती घेतली.

मग दुसरी वाटी माझ्यापुढं आली. मी फेट्याच्या आशेनं मान थोडी पुढं केली होती, ती तशीच राहिली. "आबा, आता मला कशाला? मी तर आपला निघालो."

"म्हनून तर," आबा म्हणाले. "मारला ह्येनं, खरं हाय. पर आत कुनी जाऊ दिला? आपला गडी म्हनून उबा हुतास न्हवं तितं?"

सगळ्या फडात हसू फुटलं. यशवंतरावसुद्धा हसत होते, कप पोटाशी धरून. मी वाटी घेतली. काय करता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो नारळ माझ्या हातात हलका लागला, आणि तो निम्माच होता म्हणून नव्हे. आपला गडी, असं म्हणाले होते ते, सगळ्या गावासमोर.

आबांनी भिमाजीकाकांच्या हातातून लोटा घेतला आणि सगळं पाणी एका दमात पिऊन टाकलं. मिशा पुसल्या.

"आन ह्यो वाटा माजा," ते म्हणाले. "हान कोन म्हनलं हुतं, ते मला ठावं हाय."

त्यांनी लोटा खाली ठेवला आणि जयसिंगच्या पाठीवर हात ठेवला. उचलला नाही. तसाच ठेवून माझ्याकडं वळले.

"तुजा अर्दा घरला ने. वड्या कर म्हनावं बायकोला. आन चार आमच्याकडं धाड, इतकी वर्सं नारळ दिला, एक वडी दावली न्हाईस."